ब्रोमेलियाडची पीलबाग : सावद्याच्या गच्चीवरच्या नोंदी

२० ऑगस्ट २०२३, रविवार

आजपासून लिहून ठेवतोय, कारण मागे गुलाबांचं असं झालं की काय केलं म्हणून मेले तेच नंतर आठवेना. काल पुण्याहून लाल गुझमानिया आणली, ३५० रुपये. भुसावळपर्यंत रेल्वेत मांडीवर कुंडी, आणि समोरच्या आजोबांचं मनमाडपासून एकच चालू, खरं आहे का प्लॅस्टिकचं, शेवटी त्यांनी एका पानाला नख लावून पाहिलंच. त्यांची चूक नाही, झाड दिसतंच तसं. चकचकीत हिरवी पानं आणि मधून लालभडक तुरा. नर्सरीवाला म्हणाला फूल तीन-चार महिने टिकतं. ते फूल नाहीच खरं तर, रंगलेली पानं आहेत, खरी फुलं त्यांच्या बेचक्यात बारकी बारकी येतात आणि कधी आली कधी गेली कळतही नाही. बोगनवेलीचीच गंमत.

आईला दाखवलं तर ती म्हणाली, "हे तर अननस." आणि बरोबर आहे तिचं, अननस याच ब्रोमेलियाड कुळातला. कुळात तीन हजारांवर जाती, आणि पश्चिम आफ्रिकेतली एक जात सोडली तर सगळ्याच्या सगळ्या अमेरिका खंडातल्या. पोर्तुगीजांनी १६ व्या शतकात अननस आणला तेव्हा या कुळातला पहिला पाहुणा आपल्याकडे आला असावा, माझी गुझमानिया फार उशिराची.

प्रकल्प काय, तर दोन वर्षांत पन्नास झाडं करायची. बायको म्हणाली विकणार का? म्हटलं बघू. माझं कृषी केंद्र आहे सावद्यात, जळगाव जिल्ह्यातल्या केळीच्या पट्ट्यात, सकाळपासून रात्रीपर्यंत केळी, केळीचं खत, केळीचा करपा, केळीचे भाव. एखादं तरी झाड असं पाहिजे ज्याचा भाव कोणी विचारत नाही.

६ सप्टेंबर २०२३

केरळातून मागवलेलं पार्सल आलं, सगळी याच कुळातली झाडं, चार दिवस उशिरा. उघडल्याबरोबर वास आला. निओरेजेलिया ३, एकमिया १, बिलबर्जिया २, क्रिप्टॅन्थस २ ठीक. व्रिसियाचा मधला कोंब धरला तर सगळाच्या सगळा हातात आला, खाली तपकिरी चिकट लगदा. तक्रार केली, त्यांनी फोटो मागितले, फोटो पाठवले, मग शांतता. जाऊ द्या.

कुंड्या भरल्या. कोकोपीट नुसतं घेतलं नाही, ते फार पाणी धरतं. नारळाच्या सोडणाचे तुकडे दोन रात्री भिजवून तीनदा पाणी बदलून धुतले (पहिलं पाणी चहासारखं निघतं), त्यात कोळशाचे खडे आणि विटांचा चुरा. या झाडांची मुळं मुख्यतः धरून राहायला, जंगलात बरीच झाडावरच वाढतात, जेवणपाणी सगळं पानांवरनं. पानं एकात एक बसून मधे वाटी होते, तिच्यात पाणी साठतं, आणि पानांवरचे बारीक खवले ते पाणी शोषतात. एकमियाच्या पानावरचा पांढरा पट्टा म्हणजे तेच खवले. बोटानं पुसला तर पुसला जातो, मी पुसला, आता तिथं माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा.

१९ सप्टेंबर २०२३

पाण्याचा घोळ. बोअरचं पाणी वाटीत टाकत होतो, वाटीच्या काठाला पांढरी रेघ धरली. क्षार मोजायचा मीटर लावला तर ११००. आरओचं ६०. मग आरओचं सुरू केलं, पण बायकोनं तीन दिवसांत ओरडून बंद पाडलं. मी हुशारी केली, आरओच्या बाहेर टाकायच्या नळीचं पाणी बादलीत धरून ते देऊ लागलो, फुकट जातंय म्हणून. आठ दिवसांनी डोक्यात ट्यूब पेटली की सगळा क्षार त्याच पाण्यात असतो! मीटर लावायची हिंमतही झाली नाही. आता गच्चीवर पावसाचं पाणी धरायला २०० लिटरचा ड्रम ठेवलाय, झाकण लावून, उतू जाईपर्यंत भरला.

२६ नोव्हेंबर २०२३

निओरेजेलिया हिरवी पडली. आली तेव्हा मध्यभाग लाल होता, लिपस्टिक लावल्यासारखा. कारण मी, दुसरं कोणी नाही. दुकानात शेल्फवर १९:१९:१९ खताची (नत्र, स्फुरद, पालाश सारखं) पाकिटं समोर दिसतात, रोज दहा जणांना देतो, हात शिवशिवला, दर पंधरा दिवसांनी चिमूट चिमूट वाटीत टाकलं. पानं लांब झाली, लोळली, पट्ट्यासारखी, आणि रंग गेला. नत्र जास्त झालं की हे झाड माजतं आणि रंग विसरतं. वाटी उलटी करून धुतली, खत बंद, आणि ५० टक्के सावलीच्या नेटखाली सकाळचं ऊन लागेल अशी सरकवली. रंग हवा तर उजेड पाहिजे आणि थोडी उपासमार. गुझमानियाचं उलट, तिला उजेड चालतो, ऊन नाही, ती ७५ टक्केच्या नेटखाली.

१४ जानेवारी २०२४

थंडी. पहाटे गच्चीवर ८ अंश. गुझमानियाच्या पानांची टोकं वाळली आणि तुरा आता लाल राहिला नाही, वीटकरी झालाय, शेंड्याकडून तपकिरी. घाबरलो होतो.

नाना आले होते (माझे काका, शेतातली ३ एकर केळी त्यांचीच). गच्चीवर उभं राहून बघत होते, कंबरेवर हात. मी म्हटलं नाना, हे मरून राहिलं बहुतेक. त्यांनी वाकून पानांच्या बुडात बोट घातलं आणि म्हणाले, "अरे बापा, पील आलंय ना. घड पडला, आता खोड जाणारच. रडून काय राहिला?"

आणि खरंच, बुडाशी पानांच्या आडून टोकदार हिरवं नाक बाहेर निघालेलं. मी त्या झाडाला पाच महिने रोज पाहतोय आणि हे पाच सेकंदांत. ब्रोमेलियाडचं एक झाड एकदाच फुलतं. मग आई हळूहळू वाळते, सहा महिने, कधी वर्षभर, आणि तेवढ्यात बुडातून पिलं देऊन जाते. म्हणजे केळी! आणि हे मला नेटवर शोधायला लागलं, सावद्यात राहून, ज्याच्या दुकानात दिवसातून वीस वेळा नवती (नव्यानं लावलेली बाग) आणि पीलबाग (जुन्या खोडाच्या पिलांवर राखलेली) हे दोन शब्द ऐकू येतात.

फरक एवढाच की केळीत आपण पिलं कापून फेकतो, एकच ठेवतो, मुख्य घडाला जोर मिळावा म्हणून. इथं मला सगळीच पाहिजेत.

४ फेब्रुवारी २०२४

बिलबर्जिया फुलली आणि संपलीही, आठवडाभरात. गुलाबी तुरा. फूल टिकत नाही पण पिलं देते ती, भांडणं होतील इतकी. कुंडीत पाच मोजली. हिला मी गावरान म्हणतो, ऊन, थंडी, माझं खत, सगळं पचवलं तिनं.

२ मार्च २०२४

लिहायचं नव्हतं पण नोंदवही आहे.

निओरेजेलियावर ठिपके दिसले होते. बुरशी असेल म्हणून पंप घेतला, कॉपर ऑक्सिक्लोराइड मारलं, बागेत करप्याला मारतात तसंच, मात्रा बरोबर, वेळ संध्याकाळची, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. तीन आठवड्यांत पानं काळपट, मग मधला भाग सैल. आज निओरेजेलियाच्या दोन कुंड्या आणि एक क्रिप्टॅन्थस उकिरड्यावर. नंतर वाचलं की तांबं या झाडांना विषच आहे, अगदी तांब्याची तारसुद्धा बांधू नये म्हणतात, कारण पानंच शोषून घेतात सगळं. गिऱ्हाइकाला औषध देताना मी विचारतो, "पीक कुठलं?" स्वतःला विचारलं नाही.

ठिपके बहुतेक उन्हाचे होते.

नियम : तांबं नाही. तेल नाही, तेलानं खवल्यांवर थर बसतो. फार झालं तर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक, तेही कापलेल्या जागेपुरतं.

१७ मार्च २०२४

पहिलं पील वेगळं केलं, गुझमानियाचं. आईच्या निम्म्याएवढं झालं होतं. नियम एक तृतीयांश ते निम्मा, त्याआधी तोडलं तर जगतं पण वर्षभर रुसून बसतं. निओरेजेलियाची पिलं लांब दांड्यावर येतात, ती कात्रीनं कापता येतात, गुझमानियाची मात्र आईच्या पानांत घुसून बसतात. कुंडीतून पूर्ण झाड बाहेर काढलं, खालची वाळकी पानं एकेक करून खाली ओढली, टर्र टर्र आवाज येतो, मग पिलाची मान दिसली, करंगळीएवढी जाड, पांढरट. ब्लेड स्पिरिटनं पुसून आईच्या अंगाला लागून कापलं. आतून कच्च्या उसासारखी दिसते. मुळं तीन-चार, बारीक तारा. दोन दिवस सावलीत तसंच ठेवलं, काप सुकला की सोडणाच्या तुकड्यांत, खोल नाही, बूड फक्त टेकवायचं. हलतं म्हणून बांबूच्या काडीला सुतळीनं बांधलं. खोल पुरलं की सडतं, एवढं तरी वाचून झालं होतं.

आईला परत कुंडीत लावलं. दुसऱ्या बाजूला अजून एक नाक दिसतंय.

१० मे २०२४, आखाजी (अक्षय तृतीया)

गल्लीत झोके, मुलींची गाणी, घरात पुरणपोळी-आमरस, आणि मी दुपारी ३ वाजता गच्चीवर थर्मामीटर घेऊन, बायकोनं खालून विचारलं डोकं फिरलंय का. नेटखाली हवा ४६. गुझमानियाच्या वाटीतलं पाणी ४१! म्हणजे झाडाच्या काळजात अंघोळीचं पाणी. कोंब शिजून राहिला आणि मी रोज प्रेमानं भर घालतोय.

गुझमानियाचं मार्चमधे वेगळं केलेलं पील गेलं. मधला कोंब ओढला, सप्टेंबरच्या व्रिसियासारखाच हातात आला, तोच वास. आईच्या बुडाशी असलेलं दुसरं अजून जिवंत आहे. एकमियाला काही नाही, बिलबर्जियाला तर काहीच नाही, पानं फक्त आवळून उभी केलीत.

असं का, हे रात्री बसून वाचलं. एकमिया, बिलबर्जिया, निओरेजेलिया यांची रंध्रं (पानांवरची बारीक भोकं) दिवसा बंद, रात्री उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड रात्री आत घेऊन साठवतात आणि दिवसा दार लावून त्यावर काम करतात, अननसाचीही तीच रीत, निवडुंगाचीही. म्हणून उन्हात पाणी फारसं उडत नाही. गुझमानियाच्या बहुतेक जाती साध्या झाडांसारख्या, दिवसा दार उघडं. जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत, ओल्या हवेत राहणारी ती, आणि मी तिला खानदेशच्या मे महिन्यात सिमेंटच्या स्लॅबवर बसवलं.

तूर्त : वाटीतलं पाणी सकाळीच काढून टाकायचं, संध्याकाळी ७ नंतर थोडं भरायचं. पानांवर फवारा रात्री.

१९ मे २०२४

सगळं बागेत नेलं. सुचलं कसं, तर नानांकडे डबा द्यायला गेलो होतो, रस्त्यावर झळांनी डोळे चुरचुरत होते आणि बागेत चार ओळी आत गेल्याबरोबर अंगाला गार लागलं. नानांनी बागेच्या पश्चिमेला शेवरी लावलीय वारा अडवायला, शिवाय हिरवी नेट, आतून ठिबक सकाळ-संध्याकाळ. वर पानांचं छत. थर्मामीटर खिशात होताच (हो, असतो). बाहेर ४५, आत ३८, आणि हवेत ओल. ब्राझीलला कोण जातं?

दोन ओळींच्या मधे विटा मांडून त्यावर फळी, फळीवर कुंड्या. नाना म्हणाले, "बागेत कुंड्या ठेवून राहिला? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं नाना, आंतरपीक आहे. हसले नाहीत पण फळी सरळ बसवून दिली.

२३ जून २०२४

पाऊस सुरू. बागेत नवीन पानं. निओरेजेलियाला (एकच उरली होती) चार पिलं, दांड्यांवर चहूकडे, जणू कुंडीतून पळून जायचंय. आई मध्यभागी लाल, वाटीत बुडालेली जांभळी फुलं. हिची फुलं वर येतच नाहीत, पाण्याच्या पातळीलाच उमलतात.

गुझमानियाचं दुसरं पील आईच्या निम्म्याच्या वर. आई संपली. तिला कापून काढलं, पील त्याच मुळांवर तसंच ठेवलं. नानांच्या भाषेत पीलबाग.

१३ जुलै २०२४

हसावं का रडावं. बागेत पिलं कापायला मजूर बाया लावल्या होत्या. दुपारी गेलो तर फळीजवळ निओरेजेलियाची तीन पिलं आणि बिलबर्जियाची सहा, विळ्यानं साफ कापून नीट ढीग करून ठेवलेली. कापणाऱ्या ताई अभिमानानं म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या बारक्या केळींचीबी काढी टाकी." मी काही बोलू शकलो नाही. त्यांनी काम बरोबरच केलं होतं, बागेत पील दिसलं की कापायचं, वर्षानुवर्षं हात तसा बसलेला.

मग मला दिसलं की कापसुद्धा माझ्यापेक्षा चांगला आहे. एका फटक्यात, तिरका, कुठं चिरडलेला नाही. मी ब्लेडनं पाच मिनिटं कुरतडतो. दोन पिलं फार लहान होती, अंगठ्याएवढी, ती सोडून सात लावली. ताईंना एक निओरेजेलिया दिली, नको म्हणत होत्या, "आम्हना घर पत्रानं शे, मरी जाई." म्हटलं न्या तर खरं.

२८ जुलै २०२४

सातपैकी सातही धरली, आणि माझी स्वतःची कापलेली चारपैकी तीन. पुढच्या वेळी विळा.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

घरी कानबाई (आमची खानदेशातली देवी) बसल्या, रोट, सगळी भावकी, त्यामुळे बागेतली झाडं मागच्या आठवड्यातच गच्चीवर परत आणलेली, पाहुण्यांना दाखवायला. आणि बरोबर त्याच आठवड्यात आशाताई डेंग्यूचा सर्व्हे करत आल्या. टाक्या बघितल्या, कूलर बघितला, फ्रिजमागचा ट्रे बघितला, मग गच्चीवर. निओरेजेलियाच्या वाटीत त्यांनी मोबाइलचा टॉर्च मारला. पाणी काळसर, त्यात वाळकं पान, आणि उजेड पडल्याबरोबर स्वल्पविराम नाचल्यासारख्या अळ्या वरून खाली, खालून वर. ताई एवढंच म्हणाल्या, "दादा, ही तर डासांची नर्सरी." पाहुणे सगळे जिन्यात उभे.

त्यांनी सुचवलं जळकं ऑइल टाका थेंबभर. साचलेल्या डबक्यासाठी ठीक असेल, पण या झाडांना तेल म्हणजे मरण, ते समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या मग आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा आणि तो खरंच पाळा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे त्याच्या आत वाटी रिकामी केली पाहिजे. आता दर तीन-चार दिवसांनी पाइपनं प्रेशरनं प्रत्येक वाटी उसळून काढतो, जुनं पाणी पूर्ण सांडेपर्यंत. बुधवार आणि रविवार. यात झाडाचाही फायदा, क्षार धुतले जातात. घरात मच्छरदाणी लावून झोपणारा माणूस गच्चीवर डास पाळत होता, हे वर्षभर आमच्या भावकीत ऐकावं लागणार.

१७ नोव्हेंबर २०२४

एकमियाचं काही होत नव्हतं. आली तेव्हाच मोठी होती, सव्वा वर्ष झालं, वीतभर रुंद चंदेरी पानं, पण फुलायचं नाव नाही. कृती सगळीकडे एकच लिहिलेली : पिकलेलं सफरचंद आणि झाड एका पिशवीत. पिकताना फळातून इथिलीन निघतं, त्या वायूनं या कुळाला फुलायची आज्ञा मिळते. अननसाच्या मळ्यात त्यासाठीच इथेफॉन वापरतात, माझ्या शेल्फवर बाटली आहे. पण मार्चनंतर माझा माझ्या शेल्फवर विश्वास राहिलेला नाही.

आणि सफरचंद कशाला? नानांना सांगितलं तर त्यांनी जुनी गोष्ट काढली, त्यांच्या लहानपणी केळी पिकवायला खोली बंद करून गोवऱ्यांची धुरी द्यायचे. धुरात इथिलीन असतं, तेच काम करायचं. आणि याची गंमत अशी की १९ व्या शतकात अझोर बेटांवर अननसाच्या काचघरांत धूर झाला आणि सगळे अननस एकदम फुलले, तिथून लोकांना हे कळलं. आता आपल्याकडं राइपनिंग चेंबरमधे तोच वायू मोजून सोडतात. म्हणजे एकमिया फुलवायला जे पाहिजे ते आमच्या गावात ट्रकनं जातं.

तर : वाटीतलं पाणी पूर्ण काढलं, कुंडीच्या काठावर चार ठिपकेदार पिकलेली केळी, वरून मोठी पारदर्शक पिशवी, बुडाशी सुतळी. सावलीत. गुझमानियाचं वाढलेलं पील पण दुसऱ्या पिशवीत, बघू. दहा दिवस.

२७ नोव्हेंबर २०२४

पिशव्या सोडल्या. केळी काळी, रस गळलेला, चिलटांचा ढग निघाला. बायको दोन दिवस गच्चीवर आली नाही. पुढच्या वेळी केळी भांड्यात ठेवून ते भांडं पिशवीत.

२ फेब्रुवारी २०२५

एकमिया निसवली!! वाटीच्या तळात खोलवर गुलाबी काहीतरी दिसतंय, आधी वाटलं कोणी कागद टाकला. केळी निसवते तेव्हा कमळ बाहेर यायच्या आधी वरचं पान आखूड येतं, तसंच इथं मधली दोन पानं आखडली होती पंधरा दिवसांपासून आणि मला वाटत होतं परत सडायला लागली. पिशवीपासून आजपर्यंत ११ आठवडे.

गुझमानियाला काही नाही. लहान होती. न वाढलेल्याला घाई करून काही होत नाही, पानं थोडी पिवळी पडली तेवढंच.

९ मार्च २०२५

पूर्ण तुरा. काटेरी गुलाबी पानांचा गेंद आणि त्यातून निळी फुलं, रोज दोन-तीन उमलतात, दुसऱ्या दिवशी लालसर होऊन मिटतात. नाना बघायला आले, मुद्दाम, गाडीवर. बराच वेळ बघून म्हणाले, "याला भाव काय?" मी सांगितलं पुण्याला पाचशे-सहाशे. ते म्हणाले घड तर एकच आहे.

१५ जून २०२५

या वर्षी मे महिन्यातच पाऊस घुसला, उन्हाळा असा झालाच नाही, झाडं तरीही बागेत ठेवली होती सवयीनं. गेल्या आठवड्यात संध्याकाळी वादळ आलं. वीस मिनिटं. सकाळी गेलो तर बाग झोपलेली, घड धरलेली खोडं मधून मोडलेली, कापणी पंधरा-वीस दिवसांवर होती. नाना बांधावर बसले होते. बोलले नाहीत. पंचनाम्याला फोटो पाहिजेत म्हणून मी फोटो काढत ओळीओळीतनं फिरलो, मला माझ्या कुंड्यांची आठवणही झाली नाही.

आज नाना स्वतःच म्हणाले, "तुझ्या अननसांचं काय झालं?" आम्ही दोघांनी मोडकी पानं उचलली. फळी तुटली होती, कुंड्या आडव्या, तीन फुटलेल्या. दोन बिलबर्जिया खोडाखाली चेपल्या. बाकी सगळी चिखलानं माखलेली पण जिवंत, पडलेल्या केळीच्या पानांखाली झाकली गेली होती. पिंपातल्या पाण्यानं नाना एकेक धुवून मला देत होते, वाटीत पाणी भरून.

७ सप्टेंबर २०२५

मोजणी. बिलबर्जिया १७, निओरेजेलिया ९, एकमिया ३ (आई धरून, तुरा वाळला, पानं अजून चांगली), क्रिप्टॅन्थस ३, गुझमानिया २. एकूण ३४. पन्नास नाही झाले. निओरेजेलियाच्या नऊपैकी एकाला पांढऱ्या पट्ट्या आल्यात, तिचं एक पील तर पूर्ण पांढरं निघालंय, ते आईला जोडूनच ठेवणार, हिरवं काहीच नसेल तर वेगळं करून जगणार कशावर.

मोडलेल्या बागेत नानांनी पिलं राखली आहेत, गुडघ्याच्या वर आलीत. तिथं परवा त्या विळ्यावाल्या ताई भेटल्या. मोबाइलमधे फोटो दाखवला : पत्र्याच्या घराच्या ओट्यावर, रंगाच्या जुन्या डब्यात, मी दिलेली निओरेजेलिया. उगवतीचं ऊन, खत शून्य, पाणी हंडा विसळल्यावर उरलेलं. मधोमध अशी लाल की माझ्याकडच्या नऊंपैकी एकही तशी नाही. बुडाशी दोन पिलं. म्हटलं ताई, ही कापायची नाहीत का? त्या म्हणाल्या, "भाऊ, हाई काय केळी शे का?"

एक पील मागून ठेवलंय, दिवाळीनंतर देतो म्हणाल्या.